पोहे 7.44, कॉर्नफ्लेक्स 7: न्याहारीच्या ताटाचा हिशेब

100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत 7.44 ग्रॅम प्रथिने असतात, 100 ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये 7 ग्रॅम. पहिला आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांतला आहे, दुसरा केलॉगच्या ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पाकिटावरचा. ऊर्जा पोह्यांत 354 कॅलरी, कॉर्नफ्लेक्समध्ये 378. तंतुमय घटक पोह्यांत 3.46 ग्रॅम, कॉर्नफ्लेक्समध्ये 3. म्हणजे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात सकाळी वाफेवरच्या परातीतून प्लेटमध्ये पडणारे पोहे आणि त्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानात फळीवर उभे असलेले पाकीट यांच्यात प्रथिने, ऊर्जा आणि तंतू या तीन रकान्यांत फारसा फरक नाही. ऊर्जेतला फरक 7 टक्क्यांचा आहे. तेवढा फरक पोहे मोजताना हाताने घातलेल्या एका जास्तीच्या मुठीनेही पडतो.

फरक पडतो तो चौथ्या आणि पाचव्या रकान्यात. कॉर्नफ्लेक्समध्ये 100 ग्रॅममागे 8 ग्रॅम साखर आणि 1.13 ग्रॅम मीठ असते. कोरड्या पोह्यांत वरून घातलेली साखर शून्य, मीठही शून्य. पोह्यांत मीठ पडते ते कढईत, आणि किती पडावे हे करणाऱ्याच्या हातात असते. पाकिटातले मीठ कारखान्यातच ठरलेले असते. भारतातल्या पाकिटांवरचे आकडे याहून थोडे वरखाली असतात, घेताना ते मागच्या बाजूला पाहून घ्यावेत.

मका आणि कॉर्नफ्लेक्स हे एकच धान्य असूनही त्यांचे आकडे एक नाहीत. अखंड कोरड्या मक्यात 100 ग्रॅममागे 12.24 ग्रॅम तंतू असतात. कॉर्नफ्लेक्समध्ये उरतात 3. चारातले तीन भाग गेले. मक्यातली चरबी 3.77 ग्रॅम, कॉर्नफ्लेक्समध्ये 0.9. प्रथिने 8.80 वरून 7 वर येतात. कारण प्रक्रियेत आहे: दाण्याचा कोंडा आणि कोंब आधीच काढून टाकतात, उरलेला पिठूळ भाग शिजवून, रुळांखाली चपटा करून भाजतात. तंतू कोंड्याबरोबर जातात, चरबी कोंबाबरोबर. ओलावाही उडतो, म्हणून 100 ग्रॅममागची ऊर्जा मात्र 334 वरून 378 वर चढते. पोह्यांची गोष्ट वेगळी नाही. धान भिजवून, भाजून, चपटे करताना साल निघून जाते आणि तंतू साडेतीन ग्रॅमवर थांबतात. पारंपरिक म्हणून पोह्यांना या रकान्यात सूट देण्याचे कारण नाही.

धान्य कमी सोलले की आकडा कसा बदलतो ते ओट्समध्ये दिसते. अमेरिकी शेती खात्याच्या तक्त्यांत साध्या चपट्या ओट्समध्ये 100 ग्रॅममागे 13.2 ग्रॅम प्रथिने आणि 10.1 ग्रॅम तंतू आहेत, साखर 1 ग्रॅमच्या आसपास, सोडियम 6 मिलिग्रॅम. कॉर्नफ्लेक्सच्या मिठातले सोडियम 450 मिलिग्रॅमच्या घरात जाते. ओट्सला मिळालेली कीर्ती या आकड्यांवर उभी आहे आणि ती रास्त आहे. पण याच रकान्यात रवा ठेवून पाहावा: प्रथिने 11.38, तंतू 9.72. ज्वारी: प्रथिने 9.97, तंतू 10.22. तंतूंच्या बाबतीत ज्वारी ओट्सच्या बरोबरीची आहे. निमाड आणि खानदेश या दोन्ही पट्ट्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. तिच्यासाठी जाहिरात कुणी केली नाही, एवढाच फरक.

आतापर्यंतची सगळी तुलना 100 ग्रॅमवर झाली. सकाळी 100 ग्रॅम कॉर्नफ्लेक्स कोणी खात नाही. पाकिटावर एक वाढप 30 ग्रॅमचे धरलेले असते. 30 ग्रॅममध्ये 113 कॅलरी, 2.1 ग्रॅम प्रथिने, 0.9 ग्रॅम तंतू. त्यावर 150 मिलिलिटर गाईचे दूध ओतले की 109 कॅलरी आणि 4.9 ग्रॅम प्रथिने वाढतात. वाटीतली एकूण प्रथिने 7 ग्रॅम, त्यातली 70 टक्के दुधाची. म्हशीचे दूध घेतले तर दुधातून 5.5 ग्रॅम प्रथिने आणि 160 कॅलरी येतात. म्हणजे वाटीतल्या निम्म्याहून जास्त कॅलरीही म्हशीच्या. जाहिरातीत 'दुधासोबत' हा शब्द लहान टायपात असतो. आकड्यांत मात्र तोच मोठा आहे.

1994 मध्ये केलॉग भारतात आली, तळोज्याला कारखाना टाकला. मूळ माल थंड दुधासाठी घडवलेला होता. 1906 मध्ये अमेरिकेत बॅटल क्रीकला कंपनी निघाली तेव्हापासून तेच गृहीत होते. इथे दूध तापवून ओतण्याची सवय, आणि तापल्या दुधात कुरकुरीतपणा टिकत नाही. पोषणाच्या हिशेबात याने काही बदलत नाही, पण दुधाचा वाटा 70 टक्के असलेली वस्तू दुधाच्या तापमानावर अडखळावी हे नमूद करण्यासारखे आहे.

आता पोह्यांची प्लेट. गृहीत असे: 60 ग्रॅम पोहे, 10 ग्रॅम तेल, 10 ग्रॅम शेंगदाणे, 30 ग्रॅम कांदा. बेरीज 368 कॅलरी, 7.3 ग्रॅम प्रथिने, 3.8 ग्रॅम तंतू. पोह्यांच्या 212 कॅलरी, तेलाच्या 90, शेंगदाण्यांच्या 52, कांद्याच्या 14. 10 ग्रॅम शेंगदाण्यांनी 2.4 ग्रॅम प्रथिने आणली, म्हणजे प्लेटच्या वजनात नगण्य असलेला घटक प्रथिनांचा एक-तृतीयांश भार उचलतो. प्रथिनांत ही प्लेट दुधाच्या वाटीच्या बरोबरीला येते, पण त्यासाठी 146 कॅलरी जास्त मोजते. वर माळव्याच्या रीतीने शेव पडली की अजून 80 कॅलरींच्या आसपास भर पडते.

आणि बऱ्हाणपुरात प्लेट इथे थांबत नाही. पोह्यांबरोबर जिलेबी ही जोडी इंदूरपासून इथपर्यंत चालते, आणि बऱ्हाणपूरला तर स्वतःची मावा जिलेबी आहे. रमजानात ती मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर गावाच्या नावानेच विकली जाते. 50 ग्रॅम जिलेबीत 20 ग्रॅम साखर धरली, तर ती 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्समधल्या 2.4 ग्रॅम साखरेच्या आठपट होते. जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस सांगते की वरून मिळणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, शक्यतो 5 टक्क्यांपेक्षा. 2,000 कॅलरींच्या आहारात याचा अर्थ 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम. जिलेबीच्या एका वेढ्याने पहिल्या मर्यादेचे 40 टक्के आणि दुसरीचे 80 टक्के सकाळी नऊच्या आत संपतात. पोहे विरुद्ध पाकीट या वादात पोह्यांची बाजू घेणारे जिलेबी हिशेबात धरत नाहीत.

तिसरी न्याहारी कुठल्याही फळीवर नाही. तापीच्या या काठापासून रावेर-भुसावळपर्यंत घरोघरी होणारी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळायचे, प्रमाण घरागणिक वेगळे. 45 ग्रॅम ज्वारी आणि 15 ग्रॅम उडीद धरला तर 60 ग्रॅम पिठात 194 कॅलरी, 7.8 ग्रॅम प्रथिने, 7.7 ग्रॅम तंतू, 2.7 मिलिग्रॅम लोह येते. वरून घातलेली साखर शून्य. यात दूध नाही, शेंगदाणे नाहीत, तेलही नाही. ठेचा लावून खाल्ली तर त्या तेलाचा हिशेब वेगळा. प्रथिनांतही फक्त ग्रॅमांचा प्रश्न नाही. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते पुरेसे, म्हणून दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा वाढतो. ही जोडी कोणत्या प्रयोगशाळेने ठरवली नाही.

सगळ्यांना एकाच मापावर आणायचे तर 200 कॅलरींचे माप घ्यावे, कारण भूक वजनापेक्षा ऊर्जेशी जास्त जुळते. 200 कॅलरींमागे प्रथिने: कॉर्नफ्लेक्स 3.7 ग्रॅम, कुरमुरे 4.1, पोहे 4.2, ज्वारी 6, रवा 6.8, ओट्स 7, कळणा 8. तंतू: कुरमुरे 1.4, कॉर्नफ्लेक्स 1.6, पोहे 2, ओट्स 5.3, रवा 5.8, ज्वारी 6.1, कळणा 7.9. दोन्ही रांगांत तळाचे तिघे तेच आहेत आणि वरचे चौघेही तेच. तळाच्या तिघांत एक विदेशी पाकीट आणि दोन देशी सुटे जिन्नस आहेत, वरच्या चौघांत एक विदेशी धान्य आणि तीन देशी. देशी-विदेशी अशी रेघ ओढून या यादीतून काहीच हाती लागत नाही. सोललेले आणि न सोललेले अशी रेघ ओढली तर जवळजवळ सगळे हाती लागते.

जवळजवळ, कारण एक आकडा या रेघेलाही जुमानत नाही आणि तो कुठल्याही पाकिटावर छापलेला नसतो. रक्तातली साखर किती वेगाने चढते हे मोजणाऱ्या ग्लायसेमिक निर्देशांकाच्या 2008 च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ग्लुकोज 100 धरले तर कॉर्नफ्लेक्स 81 वर आहेत, पांढरा भात 73 वर, आणि खुद्द साखर 65 वर. चवीला गोड नसलेली वस्तू साखरेपेक्षा वेगाने रक्तात उतरते, कारण शिजवून, चपटा करून, भाजलेला स्टार्च पोटात लवकर फुटतो. ओट्सचे दोन आकडे आहेत: साध्या चपट्या ओट्सची लापशी 55, झटपट शिजणाऱ्या ओट्सची 79. धान्य एक आणि पाकिटावरचे तंतू जवळजवळ तेवढेच असूनही फरक 24 अंकांचा आहे. दोन मिनिटांत तयार होणारे ओट्स या रकान्यात कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी जाऊन बसतात. मधुमेही वाचकाने दुकानात शिजवण्याची वेळ वाचावी, तिथे हा फरक कळतो.

मुलांसाठी पाकिटात मिळणाऱ्या चॉकलेटी शिंपल्यांचा हिशेब लहान मुलांच्या मापाने करावा लागतो, कारण खाणारी मुले आहेत. या प्रकारात 100 ग्रॅममागे साखर ब्रँडनुसार 25 ते 35 ग्रॅमच्या पट्ट्यात असते. मध्यावरचा 30 हा आकडा धरू. 30 ग्रॅमच्या वाढपात 9 ग्रॅम साखर, म्हणजे दोन चमच्यांच्या जवळपास. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर एका वाढपातून रोजच्या मर्यादेचे किती टक्के भरतात ते छापावे लागते, आणि ती मर्यादा 2,000 कॅलरींच्या आहारासाठी 50 ग्रॅम साखर अशी धरलेली आहे. 9 ग्रॅम म्हणजे 18 टक्के. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत 4 ते 6 वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज 1,360 कॅलरी आहे. त्याच्या 10 टक्के म्हणजे 34 ग्रॅम साखर. तेच 9 ग्रॅम आता 26 टक्के होतात, आणि 5 टक्क्यांच्या कडक मर्यादेवर 53 टक्के. मुलाने 30 ऐवजी 45 ग्रॅमची वाटी घेतली (घरातली वाटी मोजून पाहावी) तर 13.5 ग्रॅम, म्हणजे पहिल्या मर्यादेचे 40 टक्के. नियम पाळून छापलेला 18 हा आकडा चुकीचा नाही. तो मोठ्या माणसाचा आहे आणि पाकिटावर कार्टून आहे.

सगळ्यात विचित्र रकाना लोहाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह दिलेले होते. 2017 च्या नव्या तक्त्यांत ते 4.46 मिलिग्रॅम आहे. चौथ्या हिश्श्याहूनही कमी. स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरली तर 60 ग्रॅम पोह्यांची प्लेट जुन्या तक्त्याने 41 टक्के गरज भागवत होती, नव्याने 9 टक्के भागवते. पोहे तेच राहिले. बदलले ते नमुने घेण्याचे आणि मोजण्याचे मार्ग. नव्या तक्त्यांसाठी देशाच्या सहा विभागांतून 528 अन्नपदार्थांचे नमुने नव्या उपकरणांवर तपासले गेले. जुन्या आकड्यात धान भाजण्याच्या लोखंडी कढया आणि चपटे करणाऱ्या लोखंडी साधनांतून आलेल्या लोहाचाही वाटा असावा, असे सांगितले जाते. 'पोहे म्हणजे लोह' हे वाक्य पाककृतींच्या पुस्तकांत अजून जुन्या आकड्यावर चालते.

पाकिटाची स्थिती उलट आहे. ब्रिटनमधल्या कॉर्नफ्लेक्सवर लोह 8 मिलिग्रॅम छापलेले असते. अमेरिकी शेती खात्याच्या संदर्भ तक्त्यात त्याच ब्रँडच्या कॉर्नफ्लेक्समध्ये 28.9 मिलिग्रॅम आहे. साडेतीन पटींहून जास्त. मक्यात स्वतःचे लोह 2.49 मिलिग्रॅमच असते, बाकीचे कारखान्यात मिसळलेले. किती मिसळायचे हे त्या देशाचा नियम आणि कंपनी ठरवते, शेताचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या ब्रँडमध्ये लोहाची बारीक भुकटीच वापरतात, तिथे हे डोळ्यांनी पाहता येते: मूठभर फ्लेक्स चुरून पाण्यात ढवळावेत आणि भांड्याच्या बाहेरून मजबूत लोहचुंबक फिरवावा. कडेला काळसर रेघ जमते, तेच हे लोह.

या रकान्याला मध्य प्रदेशात जास्त वजन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 52.5 टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या, 2019-21 च्या फेरीत 54.7 टक्के. 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या मुलांत 68.9 वरून 72.7 टक्के. याच काळात कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण 42.8 वरून 33 टक्क्यांवर आले. वजनाचा आकडा 9.8 अंकांनी सुधारला, रक्ताचा 3.8 अंकांनी बिघडला. रक्तक्षयाची कारणे न्याहारीपुरती नाहीत, पण पोट भरणे आणि लोह मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या दोन आकड्यांतून निघते. न्याहारीच्या टेबलावर त्यात स्वस्तात होणारा बदल एकच: पोह्यांवर लिंबू पिळले की धान्यातले लोह जास्त शोषले जाते, लगेच मागून चहा घेतला की कमी. बऱ्हाणपुरात दोन्ही एकाच गाडीवर मिळतात.

कराच्या बाबतीत पोहे आणि कॉर्नफ्लेक्स सख्खे शेजारी आहेत. जीएसटीच्या वर्गवारीत दोन्ही 1904 या एकाच शीर्षकाखाली येतात. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी कॉर्नफ्लेक्सवर 18 टक्के कर होता, त्या दिवसापासून 5 टक्के. करापूर्वी 100 रुपयांची वस्तू 118 ऐवजी 105 रुपयांना, म्हणजे 11 टक्के स्वस्त. पोहे सुटे घेतले तर कर शून्य, पाकीटबंद आणि लेबल लावलेले घेतले तर जुलै 2022 पासून 5 टक्के. म्हणजे पाकीटबंद पोहे आणि कॉर्नफ्लेक्स यांच्या करात आज फरक उरलेला नाही. तंतूंच्या बाबतीतही तो फारसा नव्हता, तेव्हा कर खात्याची वर्गवारी पोषणशास्त्राशी योगायोगाने जुळली म्हणायची.

शेवटी केळे, कारण बऱ्हाणपूर जिल्ह्याचे 'एक जिल्हा एक उत्पादन' तेच आहे. 100 ग्रॅम पिकलेल्या केळ्यात 89 कॅलरी, 2.6 ग्रॅम तंतू, 358 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 12.2 ग्रॅम साखर असते. ही साखर फळाच्या पेशींतली, वरून घातलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत ती मोजत नाहीत. 2.6 ग्रॅम तंतू कॉर्नफ्लेक्समधून मिळवायचे तर 87 ग्रॅम खावे लागतात, म्हणजे पाकिटाच्या मापाने जवळजवळ तीन वाढपे. मुलाच्या वाटीत चॉकलेटी शिंपल्यांऐवजी साधे ओट्स आणि एक केळे कापून घातले तर गोडी राहते, आणि वरून घातलेली साखर 9 ग्रॅमवरून शून्यावर येते.

दुकानात उभे राहून एवढा हिशेब कोणी करणार नाही, आणि करायची गरजही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या दावाविषयक नियमांत 100 ग्रॅममागे 6 ग्रॅम तंतू असतील तर 'तंतूंनी समृद्ध' म्हणता येते, आणि साखर 5 ग्रॅमच्या आत असेल तरच 'कमी साखर'. पाकिटाच्या पुढच्या बाजूचे काहीही न वाचता मागच्या तक्त्यातल्या 100 ग्रॅमच्या रकान्यात हे दोनच आकडे शोधावेत. वर आलेल्या जिनसांपैकी साधे ओट्स, रवा, ज्वारी आणि कळणा या दोन्ही अटींत बसतात. कॉर्नफ्लेक्स आणि चॉकलेटी शिंपले साखरेच्या अटीवरच अडतात. पोहे आणि कुरमुरे साखरेच्या अटीत बसतात, तंतूंच्या नाही.